चौदाव्या सूत्राचा आकडा

छापखान्यात त्याला सगळे ओळंबा म्हणत. चाळीस वर्षं त्याने गणिताची पुस्तकं जुळवली. आधी शिशाच्या खिळ्यांनी, मग पडद्यावरच्या आडव्या रेघांच्या जाळीवर. हत्यार बदललं, खोड तीच. पान छापायचं, खिडकीच्या काचेला लावायचं आणि पुढच्या बाजूच्या ओळी मागच्या ओळींवर बरोबर पडतात का ते पाहायचं. केसभर फरक निघाला तर त्या दिवशी घास गोड लागत नसे.

शेजारच्या टेबलावर त्याची लेक बसे. तिच्या मशीनवर सूत्रं आपोआप बसत. मालकांनी सांगून टाकलं होतं : नव्या पुस्तकाची नमुन्याची पानं ते लिहिणाऱ्या प्राध्यापक बाईंना पटली तर काम ओळंब्याचं, नाहीतर लेकीचं. त्याच्याकडे दुसरं पुस्तक नव्हतं.

बाई आल्या. पट्टी लावून एकेक सूत्र बघत गेल्या आणि एका जागी थांबल्या.

"दादा, हा चौदा नक्की कुणाचा?"

सूत्र अपूर्णांकाचं होतं. अंश एका ओळीवर, छेद खालच्या ओळीवर, बरोबरचं चिन्ह दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेत. समासातला सूत्राचा आकडा मात्र त्याने इमानाने जाळीच्या रेघेवर ठेवला होता. म्हणजे अर्धी ओळ खाली, पुढच्या बिनआकड्याच्या सूत्राला खेटून.

"वर घेतला तर जाळी मोडते, बाई."

"मोडू दे की! मुलं आकडा शोधत येणार. जाळी कोण बघतंय?"

"बाबा बघतात," लेक म्हणाली. "आई सांगते, लग्नाच्या फोटोतही ते तिच्याकडे नाही, भिंतीवरच्या वाकड्या तसबिरीकडे बघताहेत."

"तू तुझं काम कर," तो म्हणाला. मग बाईंकडे वळला. "पाच मिनिटं द्या."

त्याने चौदा अर्धी ओळ वर सरकवला. पान छापलं. पाय सवयीने खिडकीकडे गेले. सगळ्या ओळी एकमेकींवर चपखल. चौदा तेवढा दोन ओळींच्या मधे, कुणाचाही आधार नसलेला. त्याने पान काचेवरून काढून बाईंपुढे ठेवलं.

बाईंनी पट्टी लावली. चिन्हापासून सरळ आकड्यापर्यंत.

"आता कसं! पुढचं प्रकरण कधी देताय?"

"आठवड्यात."

त्या गेल्यावर त्याने हस्तलिखित लेकीपुढे ठेवलं.

"यात असे अपूर्णांक किती आहेत, खुणा करून दे. आणि मी आकडे बसवले की तू एकदा बघ. माझा हात पुन्हा रेघेवरच जाईल."