उपाशी बॅटरीची परीक्षा

बॅटरीवाले काका आयुष्यभर लोकांच्या बॅटऱ्या भरत आले. गिऱ्हाईक म्हणे, "नुसतं टर्मिनल घासून द्या," तरी काका बॅटरी चार्जिंगला लावायचेच. दारी आलेल्याला उपाशी पाठवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

काकूंना मात्र त्यांनी कधी लांब नेलं नव्हतं. काकूंचं इन्सुलिन सतत गारव्यात हवं, आणि एकुलती एक लेक नोकरीला होती डोंगरातल्या वनचौकीवर, जिथे वीज मनात आलं तर येई. लेकीचा संसार एकदा डोळ्यांनी बघावा, एवढंच काकूंचं मागणं. म्हणून काकांनी जुनी व्हॅन घेतली. आत पलंग, शेगडी, छोटा फ्रीज बसवला, टपासाठी सोलर पॅनेल आणली. घोडं अडलं ते चार्ज कंट्रोलरपाशी, म्हणजे पॅनेलची वीज बॅटरीला सोसेल अशी पोचवणाऱ्या डब्यापाशी. साधा घ्यावा की एमपीपीटी नावाचा भारीतला? काकांनी परतीच्या बोलीवर दोन्ही आणले आणि अंगणात सारखी पॅनेल, सारख्या बॅटऱ्या मांडून शर्यत लावली. रात्री बॅटऱ्यांवर व्हॅनचे दिवे आणि फ्रीज चालवायचा, दिवसा ऊन द्यायचं.

आठवडाभर दोन्ही डब्यांचे आकडे जवळपास सारखे आले.

"नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!" काका भारीतल्या डब्याला टपली मारत म्हणाले. "साधाच पुरे आपल्याला."

काकू पायरीवर लेकीसाठी स्वेटर विणत होत्या. "अहो, पण रोज पहाटे घरच्या चार्जरला काय लावता?"

"याच दोघी. रात्रभर राबून दमतात बिचाऱ्या."

"म्हणजे यांची न्याहारी घरून, आणि पंक्तीत कोण जास्त वाढतो ते बघणार! भरल्या पोटी कोण घेतंय?"

काका बॅटऱ्यांकडे बघत खाली बसले. भरलेली बॅटरी वीज घेतच नाही, हे गिऱ्हाइकांना तेच तर सांगत असत. सवयीपुढे शहाणपण चाललं नव्हतं. साधाच डबा घेऊन डोंगर चढलो असतो, तर काकूंचं औषध वाटेतच नासलं असतं.

"झालं काही नाही. आता नीट करा," काकू म्हणाल्या आणि चार्जर उचलून मांडीवर घेऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी हवा गार आणि अधूनमधून ढग. बॅटऱ्या रात्रीच्या रिकाम्या तशाच. काका भोवती घुटमळत राहिले. "अगं, थोडीशी भरू? अगदी चमचाभर?"

"हात मागे!"

संध्याकाळपर्यंत निकाल लागला. साध्याची बॅटरी अर्ध्याच्या आसपास रेंगाळली, एमपीपीटीची बरीच वर गेली. त्या बॅटरीवर फ्रीज रात्रभर चालला आणि सकाळी आतला थर्मामीटर जागचा हलला नव्हता. काकांनी तो दोनदा पुसून पाहिला. मग साधा डबा खोक्यात भरला आणि दुसरा व्हॅनमध्ये पक्का केला.

काकूंनी लेकीला फोन लावला. "आम्ही येतोय गं."

"खरंच? किती दिवस राहणार, आई?"

हा प्रश्न काकूंना आजवर कुणी विचारलाच नव्हता. त्यांनी फोनवर हात ठेवून काकांकडे पाहिलं.

"अहो, काय सांगू?"

काकांनी हातातला पाना खाली ठेवला. "सांग, आई कंटाळेपर्यंत."

"मग बाबा एकटेच परत येतील," काकूंनी फोनमध्ये सांगून टाकलं.