योम बुल्ले सापडत नाही

प्यो मालसुकचं नावच मुळी कंटाळ्यातून आलेलं. 'माल' म्हणजे शेवटची. मुलीमागून मुली झाल्या तेव्हा बापाने हात टेकले आणि हिला ते नाव ठेवून दिलं. नकुशीच म्हणा ना! पण नकुशीनेच पुढे सगळ्यांचं केलं. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने पोरांच्या दोन पिढ्या जेवू घातल्या, लेक ह्येजूला शिकवून राजधानीत, सोलला धाडलं, नवऱ्याचा अबोला सोसला आणि सासूची जीभही. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा तालुक्याच्या वृद्ध कल्याण केंद्रात तिला कॉम्प्युटरपुढची बैठी नोकरी मिळाली. ऐकून सासू, योम बुल्ले, दात दाखवून हसली होती.

"जन्मभर डाव धरलास, आता उंदीर धरणार होय? बघ हो ह्येजूची आई, चावेल!"

बुल्लेचं बोलणं हे असं. जिभेला हाड नाही. सकाळी उठली की सुनेला, कोंबड्यांना आणि सरकारला सारख्याच मायेने शिव्या. पण सोयाबीनच्या आंबवलेल्या चटणीसारखं खारं बोलणाऱ्या या बाईने सुनेला उपाशी कधी झोपू दिलं नाही, हेही खरं.

केंद्राचं काम म्हणजे फोटो. आमच्या भागात मयताच्या खोलीत काळ्या फितीचा फोटो नसेल तर मढ्याला कुणी वालीच नव्हता असं दिसतं. म्हणून केंद्राची माणसं गावोगाव जातात, म्हाताऱ्यांचे केस विंचरतात, पावडर लावतात आणि फोटो काढून ठेवतात. त्याला म्हणायचं 'दीर्घायुष्याचा फोटो'. कशाला ते सगळ्यांना ठाऊक. पण शब्द कसा गोड! प्रत्येक फोटोच्या फाइलला त्या माणसाचं नाव. ती नावं गठ्ठ्यागठ्ठ्याने कॉपी करून मालसुकने तक्त्यात उतरवायची. कुणी गेलं की घरचे फोन करतात, नाव शोधायचं, फोटो छापून द्यायचा.

पहिल्या दिवशी तिने नावं चिकटवली तर भलतंच झालं. कुठल्या कप्प्यातल्या कुठल्या फोल्डरमधून आलं त्याचा लांबलचक पत्ता, निळा रंग, खाली रेघा, सगळं लटांबर तक्त्यात येऊन बसलं.

"अहो प्यो बाई," टीम-प्रमुख बांग पोट धरून हसला, "पाहुणे बोलवा म्हटलं तर तुम्ही त्यांची गाठोडीसुद्धा घरात घेतलीत! हे बघा. इथे दाबायचं. नुसता मजकूर. बाकी सगळं दाराबाहेर."

नुसता मजकूर! तिला ते फार आवडलं. चिकटवायचं, पुढचा पत्ता छाटायचा, राहिलं निव्वळ नाव. तिची यादी भाजी निवडून ठेवल्यासारखी स्वच्छ असायची. शोधलं की नाव हजर. त्या यादीवर तिचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास बसला, आणि घात झाला तो इथेच.

त्यांच्या गावात फोटोवाले आले तेव्हा बुल्लेने तमाशा केला होता. "तुम्हाला घाई असेल तर तुम्ही मरा आधी! मी नाही बसत." झालं, विषय संपला. मग वसंतातल्या एका साध्यासुध्या दिवशी म्हातारी दुपारभर गायब. संध्याकाळी नदीपल्याडच्या मुकदाल गावाच्या बसमधून उतरली, ती अंगात नातीच्या लग्नातला हिरवा हानबोक, सणासुदीचा घेरदार पोशाख, घालून, ओठ रंगवून. पारावरच्या बायका बघतच राहिल्या. ना सण, ना लग्न. भलत्याच दिशेची बस.

"कुठं गेला होतात, आई?"

"तुला काय करायचंय?"

त्याच महिन्यात तिच्या हातून एक पातेलं करपलं. तसं ते कुणाच्या हातून करपत नाही? पण साठी बुद्धी नाठी, आणि ही तर ऐंशी ओलांडलेली. सोलहून नणंदेचे फोन सुरू झाले. मालसुकचा नवरा गितेक, एरवी ज्याच्या तोंडातून शब्द विकत घ्यावा लागे, तोही म्हणाला, "आईचं काही खरं नाही." त्यांनी तिला समोर बसवून विचारलं, त्या दिवशी कुठे गेली होतीस? तेव्हा म्हातारीने मान वर करून सांगितलं, "फोटो काढायला. मुकदालला. इथं नाही म्हणून बसले होते, मग कुठल्या तोंडानं येऊ? तिथं एक पोरगी होती फोटो काढणारी. मला म्हणाली, आजी, हसा. हसले."

सगळ्यांनी मालसुककडे पाहिलं. तिच्याच हातात होतं ते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तिने शोधाच्या चौकटीत नाव लिहिलं, योम बुल्ले. यंत्र म्हणालं, सापडत नाही. तिने पुन्हा लिहिलं. सापडत नाही.

घरी येऊन तिने ते तसंच सांगितलं. खोटं कशाला सांगेल? सासूचा हात हातात घेऊन, अगदी मऊ आवाजात म्हणाली, "आई, तुम्ही नाही काढलात फोटो. तुम्हाला तसं वाटलं असेल."

"वाटलं? अगं भवाने, तुझ्या त्या उंदराला विचार नीट! मी बसले होते खुर्चीवर!"

"यादीत नाही ना पण, आई."

"मग तुझी यादी आंधळी!"

एवढ्यावरच ठरलं. गितेक म्हणाला, मशीनमध्ये नाही म्हणजे नाही. डॉक्टरांनीही घरच्यांचं ऐकूनच 'स्मृतिभ्रंश' लिहिलं. पानगळीच्या आत बुल्लेला शुश्रूषालयात नेऊन ठेवलं. गाडीत बसेपर्यंत ती ओरडत होती, "काढलाय मी फोटो! काढलाय!" शेजाऱ्यांनी हळहळून माना हलवल्या. मालसुक घरात जाऊन रडली, पण कुणाला अडवलं नाही तिने.

मग कडाक्याच्या थंडीत मुकदालचा एक माणूस केंद्रात आला. त्याचा बाप गेला होता आणि त्याला फोटो हवा होता. मालसुकने शोधलं. सापडत नाही.

"नाही कसा? मी स्वतः बापाची कॉलर नीट केली! यंत्राचं सांगू नका मला, डोळ्यांनी बघा!" त्याने टेबलावर हात आपटला. आवाज चढवणाऱ्या पुरुषाचं जग लगेच ऐकतं, बघा. मालसुक एकेक ओळ वाचत खाली सरकली. पार तळाशी त्याच्या बापाचं नाव होतं. ठसठशीत, धडधाकट. आणि त्याच्या जरा खाली, योम बुल्ले.

तिला वाटलं डोळे फिरले. तिने पुन्हा नाव शोधलं. नाव समोर दिसतंय आणि यंत्र म्हणतंय, सापडत नाही!

बांग धावत आला. बघून त्याने कपाळाला हात लावला. मुकदालला फोटो काढायला गेलेली पोरगी मदतीला आलेली विद्यार्थिनी होती आणि तिचा कॉम्प्युटर वेगळ्या जातीचा होता. त्यावर लिहिलेली नावं दिसायला अखंड. पण आतून अक्षरं सुटी. 'बु' लिहावा आणि यंत्राने ब वेगळा, उकार वेगळा धरावा, तसं. आपण जोडून लिहिलेलं नाव त्याला कुठून सापडणार?

"कुणाला कळणार होतं, प्यो बाई? दिसायला तर सारखंच," बांग म्हणाला.

मालसुकने फाइल उघडली. हिरव्या हानबोकमध्ये बुल्ले खुर्चीवर ताठ बसली होती आणि सगळे नकली दात दाखवून हसत होती. मालसुकच्या तोंडून "अगं आई गं!" एवढंच निघालं. तिला स्वतःची शिसारी आली.

फोटो छापून घेऊन ती तडक शुश्रूषालयात गेली. बुल्ले खाटेवर बसून मुकाट्याने भाताची पेज पीत होती. अंगाने सुकली होती. सुनेला बघून तिने पेजेचा वाडगा लगबगीने बाजूला ठेवला, काहीतरी चुकल्यासारखं.

"आई, सापडला! तुमचा फोटो. तुम्ही खरंच काढला होतात. तुमचं खरं होतं, माझंच चुकलं!"

बुल्लेने फोटो लांब धरून निरखला. "छान आहे गं. कुणी बनवला?"

"बनवला नाही, आई! तुम्ही मुकदालला गेला होतात. बसने. ती पोरगी म्हणाली ना, आजी, हसा?"

"तसं वाटायचं खरं मला," बुल्ले समजूतदारपणे म्हणाली. "डॉक्टरांनी समजावलं. आता नाही म्हणत मी तसं. विचार हवं तर त्या नर्सबाईंना, महिन्याभरात एकदासुद्धा म्हटलं नाही." तिने फोटो अलगद परत दिला. "हल्ली काय, कॉम्प्युटरवर काय वाट्टेल ते बनतं. म्हातारीला बरं वाटावं म्हणून केलंस. गुणाची आहेस."

मालसुक खाली फरशीवर बसली आणि सासूचे गुडघे धरून हमसून रडायला लागली. "शिव्या घाला मला, आई. भवानी म्हणा. आंधळी म्हणा. घरी चला. गितेकना मी सांगते, आजच चला. फक्त एकदा म्हणा, मी काढला होता फोटो!"

बुल्ले घाबरली. तिने चटकन दाराकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. मग सुनेच्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "रडू नकोस गं. तू नाही म्हणालीस, तेव्हा नव्हता काढला. आता हो म्हणतेस, तर काढला असेल. तू म्हणशील तसं."