सावन बदी तीज

२२ ऑगस्ट १९७९, बुधवार, श्रावणातली अमावस्या. पोलीस ठाणं पिंपरीच्या कारखान्यांना लागून, मी तेव्हा हवालदार. बंदोबस्ताची यादी करत होते. ईद चंद्रावर अवलंबून, गणपती रविवारी, माणसं तेवढीच. त्या दिवशीचं प्रकरण अजून डोक्यातून जात नाही, कारण त्यात खोटं कोणीच बोललं नव्हतं.

खबर दिली एका चाळीच्या मालकिणीने. तिच्याकडे उत्तरेकडचा एक फाउंड्री कामगार भाड्याने राहत होता. आठवड्यापूर्वी त्याची बायको गावाहून आली, कडेवर तान्हा मुलगा. मालकीण म्हणाली, "ती म्हणती सावनात वद्य तिजेला झालं. बारा दिसाचं लेकरू मान धरतंय व्हय? माझ्या पाचांत एकानं न्हाई धरली."

जुलैत पुण्यातल्या एका दवाखान्यातून तान्हा मुलगा चोरीला गेला होता. दोघांना ठाण्यात आणलं, मूल तपासून घेतलं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवड्यांचं. आई जबाबात एकच तिथी सांगे, सावन बदी तीज. म्हणजे श्रावण वद्य तृतीया. भिंतीवरच्या कॅलेंडरप्रमाणे तिला जेमतेम बारा दिवस झाले होते. ती अंगावर पाजत होती, हे मी फौजदारसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, स्वतःचं गेलं असेल, म्हणून दुसऱ्याचं आणलं.

नवऱ्याने ट्रंकेतून गावचं पोस्टकार्ड आणून दिलं, मुलगा झाल्याचं कळवणारं. त्यावरही तीच तिथी, आणि पोस्टाचा शिक्का १४ जुलैचा. साहेबांनी कार्ड टेबलावर टाकलं.

"जन्माआधी महिनाभर बातमी? बनावट कार्ड करायचं तर शिक्का तरी बघायचा, राव."

त्या शिक्क्यानेच दोघं पुरती अडकली. सकाळी मूल बालगृहात जाणार, नवऱ्यावर गुन्हा. पत्र टाइप होऊन सहीला गेलं.

मी यादीकडे वळले. शेजारचे पोलीस नाईक रोज्याचे, सुकलेल्या तोंडाने नावं सांगत होते. ईद शुक्रवारी धरू की शनिवारी, असं मी विचारलं.

"कोर दिसली की आमचा महिना सुरू, बाई. तुमचा अमावस्या सरली की. ज्याची त्याची रीत."

माझं पेन थांबलं. आत जाऊन त्या बाईला विचारलं, तुमच्याकडे महिना संपतो कधी? रडून डोळे सुजलेले, तरी तिने मला खुळ्यात काढलं.

"पूनम को. और कब?"

तिच्याकडे पौर्णिमा झाली की नवा महिना, आणि त्यातला पहिला पंधरवडा काळोखाचा. आपण ज्याला आषाढ वद्य म्हणतो, तोच तिचा सावन बदी. मी बोटांच्या पेरांवर मागे मोजत गेले. एक्केचाळीस दिवस. १२ जुलै. दोन दिवसांनी कार्डावर शिक्का. डॉक्टरांचे सहा आठवडे. सगळं जिथल्या तिथे बसलं. तशीच साहेबांकडे जाऊन सांगितलं.

साहेबांनी कॅलेंडरची पानं उलटून स्वतः मोजलं. दोनदा. मग म्हणाले, मूल आईकडेच राहू द्या, गावच्या ठाण्याला तार करा. तारेचं उत्तर पुढे आलं, त्यातही जन्म १२ जुलैचाच.

एकच चंद्र. त्यावर तीन घरं तीन ठिकाणांहून महिना मोजतात, आणि शेकडो वर्षं कोणाचंच चुकत नाही. चुकलो आम्ही, भिंतीवरचं एक कॅलेंडर सगळ्या जगाचं समजून. समोरचा खोटं बोलतोय असं लिहिण्याआधी तो कुठून मोजतो ते विचारावं, एवढं मी तिथे शिकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बालगृहाच्या पत्रावर 'रद्द' लिहून ते फायलीला लावलं. मग कपाट उघडून, तिथी जुळत नाही म्हणून खोटे ठरवलेले परप्रांतीयांचे जुने जबाब बाहेर काढले. पहिल्याच जबाबातला माणूस येरवड्याच्या तुरुंगात होता. मी कॅलेंडर भिंतीवरून उतरवलं आणि मोजायला बसले.