आत माणूस आहे

माझा धाकटा भाऊ राजरत्न लग्नांत रोबोट होतो. हसू येत असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं मी जे सांगणार आहे त्यात हसण्यासारखं काही नाही, आणि तरी भरल्या मांडवातली माणसं त्यावर पोट धरून हसली होती.

आम्ही पिंपरी पेंढारचे. मी यशोधरा, घरीच ब्लाउज आणि ड्रेस शिवते. राजरत्नने आयटीआय केलं, इलेक्ट्रिशियन. विहिरीवरच्या मोटारी, स्टार्टर, घरांची वायरिंग अशी कामं तो करायचा. लॉकडाउनमध्ये ती थांबली आणि त्याला मोबाईलवर एक जपानी मालिका सापडली, हिंदीत बोलणारी. तिच्यात हुबेहूब माणसांसारखे रोबोट असतात. ते म्हाताऱ्यांना उचलून खाटेवर ठेवतात, पोरांना शिकवतात, रस्ते झाडतात. कुणीतरी त्यांच्या डोक्यात विष कालवतं, ते बिथरतात, आणि चिलखत घातलेला एक तरुण त्यांना थांबवायला धावतो.

मी आधी ओरडले, "एवढा घोडा झालास आणि कार्टून बघतोस?" पण हळूहळू मी आणि आईही त्याच्या शेजारी बसायला लागलो. एका भागात मालक रोबोटला लाथा घालतो आणि रोबोट तरी त्याचं औषध वेळेवर आणून देतो. ते बघून आईच्या डोळ्यांना धार लागली.

"अगं, मशीन हाय ते," मी म्हटलं.

"आसंना का मशीन," ती म्हणाली, "लागतं ते दिसतंय की."

राजरत्नचं लक्ष भलतीकडेच होतं. मालिकेचं शूटिंग कसं करतात त्याचे व्हिडिओ त्याने शोधून काढले. "ताई, चिलखताच्या आत दुसराच माणूस आसतो बघ," तो मला दाखवत म्हणाला. "उड्या तो मारतो, मार तो खातो. तोंड मात्र हिरोचं दिसतं. उन्हात त्याचं आत काय व्हत आसंल!" त्या तोंड न दिसणाऱ्या माणसावरच त्याचा जीव जडला.

त्याने फोमच्या शीटा आणल्या, जुनं हेल्मेट कापलं, एलईडीच्या पट्ट्या बसवल्या. आवाज खरखरीत करणारा एक डबा गळ्याशी लावला. आतून सुती अस्तर मी शिवलं. म्हणून मला ठाऊक आहे, त्या पोशाखात किती उकडतं ते. गळ्याचं माप घेताना मी क्षणभर ते डोकं घालून पाहिलं होतं आणि जीव घुसमटून लगेच काढलं होतं.

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तो पहिल्यांदा बाहेर पडला. रोबोटने हात उंच करून खरखरीत आवाजात "जय भीम" म्हटलं आणि सगळी गल्ली ओरडली. म्हाताऱ्या बायका त्याच्या फोमच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडत होत्या. आत कोण आहे ते सगळ्यांना माहीत होतं. गंमत त्यातच होती.

मग मंचरचा आदेश त्याला शोधत आला. तो लग्नांची, उद्‌घाटनांची कामं घ्यायचा. शाळांची संमेलनं, गणपती मंडळं, दुकानं, लग्नं, राजरत्न सगळीकडे जायला लागला. आदेशची अट एकच होती, कार्यक्रम संपेपर्यंत डोकं काढायचं नाही. "लोकांना मशीन पायजे राव. आत माणूस दिसला की मजा गेली."

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात आळेफाट्याकडच्या एका लॉन्सवर लग्न होतं. मुलीकडचे अमृतशेठ, टोमॅटोचे मोठे व्यापारी. मुहूर्त भर दुपारचा. गळा दिसू नये म्हणून आदेशने डोकं आणि खांदे यांच्यामध्ये चिकटपट्टीचे वेढे मारले. राजरत्नच्या हातात फोमचे जाड पंजे. म्हणजे आतून त्याला ती पट्टी सोडवता येणं शक्यच नव्हतं.

मी तिथं नव्हते. असते तर पुढचं घडलं नसतं. काही मी व्हिडिओत पाहिलं, उरलेलं मला प्रयागबाईंनी सांगितलं. त्या आचाऱ्याबरोबर भांडी घासायला आल्या होत्या.

माइकवाल्याने सांगून टाकलं, "थेट जपानवरून आलेला, एआयवर चालणारा यंत्रमानव!" आजकाल एआय म्हटलं की माणसं काहीही खरं मानतात. पोरं फोटो काढायला लागली तोवर ठीक होतं. मग नवरदेवाच्या मित्रांचं टोळकं आलं. एकाने पळीने डोक्यावर ठोकून पाहिलं. दुसरा कानाशी ओरडला, "ए रोबोट, माझं लग्न कधी?" तिसऱ्याने, आत शॉर्ट होतंय का बघू म्हणून, डोळ्यांच्या फटीतून कोल्ड्रिंकची अख्खी बाटली ओतली.

दिवे फडफडले आणि विझले. आवाजाचा डबा तेवढा चालू राहिला. त्यातून राजरत्न म्हणाला, "पाणी द्या."

सगळे हसले.

"मी माणूस हाय. पाणी द्या. डोकं काढा."

त्या खरखरीत आवाजात ते ऐकून लोक आणखीच हसले. कुणी म्हणालं, "काय भारी प्रोग्रॅमिंग केलंय!" खुर्चीवर उभं राहून लोक व्हिडिओ काढत होते. आणि माझा भाऊ फोमच्या पंजांनी स्वतःचा गळा ओरबाडत तिथं भर उन्हात गोल गोल फिरत होता. तो नाचतोय असं समजून बँडवाल्याने ताल धरला. व्हिडिओत हे सगळं आहे, आदेश तेवढा कुठंच दिसत नाही. पाणी मागणाऱ्याला हसणारी माणसं आमच्या आज्या-पणज्यांनी पाहिलेली होती. मला वाटलं होतं, ती गोष्ट तिथंच संपली.

तो कोसळला तेव्हाही टाळ्या वाजल्या. "रोबोट बंद पडला! चार्जिंगला लावा!"

प्रयागबाईंना मात्र पंजाच्या कडेतून गळणारे थेंब दिसले. त्या मला म्हणाल्या, "मी म्हनलं, मशीनला घाम कुठनं येतोय?" हातातली घासणी टाकून त्या गर्दीत शिरल्या. भाजी चिरायच्या सुरीने त्यांनी पट्टी कापली, डोकं ओढून काढलं. आत राजरत्नचे डोळे पांढरे झाले होते. बादलीभर पाणी त्यांनी त्याच्या अंगावर ओतलं.

आणि तेव्हा अमृतशेठ आले. काय विचारलं असेल त्यांनी? जिवंत आहे का? डॉक्टरला बोलावलं का? नाही. ते आदेशवर ओरडले, "पोरांसमोर डोकं कशाला काढलं?" मग खाली वाकून, नुकत्याच शुद्धीवर येणाऱ्या पोराला त्यांनी विचारलं, "कुठला रे तू? आडनाव काय?"

त्याने आडनाव सांगितलं. शेठ सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "याला मागं न्या, टँकरपाशी."

आमच्या भागात आडनाव कशासाठी विचारतात ते मी कुणाला समजावून सांगायची गरज नाही. पण मला आजही कळत नाही, बेशुद्ध माणसाला द्यायचं पाणी कुठल्या आडनावाला किती द्यायचं असतं?

नारायणगावच्या दवाखान्यात सलाईन लावलेलं असताना मी पोचले. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. तोवर व्हिडिओ घरोघरी गेला होता. वर हिंदीत लिहिलं होतं, 'रोबोट को प्यास लगी', आणि पुढं हसणारी तोंडं.

तो घरी येऊन जेमतेम उठून बसायला लागला होता तेव्हा आदेशचा फोन आला. मला वाटलं, माफी मागेल.

"ताई, आपला राजरत्न फेमस झाला की! लोक तोच आयटम मागतायत, पाणीवाला. पाणी द्या पाणी द्या म्हनायचं अन् पडायचं."

माझ्या तोंडून जे शब्द निघाले ते इथं लिहिता येणार नाहीत. राजरत्नने माझ्या हातातून फोन घेतला आणि शांतपणे म्हणाला, "करतो. कधी यायचं?"

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. पण मंचरच्या त्या मोबाईल दुकानाच्या उद्‌घाटनाला मी त्याच्याबरोबर गेले. चिकटपट्टी लावायला आदेश पुढं आला तेव्हा मी मध्ये उभी राहिले. म्हटलं, "हात लावून दाखव." त्याने लावला नाही.

दुकानासमोर रस्ताभर लोक होते. राजरत्न मध्ये गेला, तसाच गोल फिरला आणि म्हणाला, "पाणी द्या." हशा उसळला. मोबाईल वर झाले. मग त्याने डोकं काढून काखेत धरलं आणि कार्यक्रमासाठी उभ्या केलेल्या माइकपाशी तोंड नेलं.

"मी राजरत्न. पिंपरी पेंढारचा. त्या दिवशी मी खरंच पाणी मागत व्हतो. मरत व्हतो मी. तुमी हसला. आत्ता बी हसला. मशीनला लागलं म्हनून माझी आई रडली व्हती. तुमाला माणूस पडलेला दिसला न्हाई का?"

आदेशने माइकची वायर उपटली. पुढं उभ्या असलेल्या एकदोघांनी मान खाली घातली. पण मागच्या बाजूने टाळ्या आल्या, शिट्ट्यासुद्धा. त्या लोकांना वाटलं, हासुद्धा आयटमच. त्या टाळ्यांनी माझं जेवढं डोकं फिरलं तेवढं लग्नातल्या व्हिडिओनेही फिरलं नव्हतं. मी गर्दीत घुसून एकाची कॉलर धरली. राजरत्ननेच मला ओढत बाहेर आणलं.

आदेशने त्याला पुन्हा बोलावलं नाही. राजरत्न आता स्वतःची कामं स्वतः घेतो. आधी साध्या कपड्यांत लोकांसमोर येतो, नाव सांगतो आणि सगळ्यांदेखत एकेक तुकडा अंगावर चढवतो. शाळांना ते फार आवडतं. लग्नवाले नको म्हणतात. उरलेल्या दिवसांत तो मोटारी दुरुस्त करतो.

अमृतशेठच्या मुलीचा, आरतीचा, एकदा सासरहून फोन आला. रडत होती. म्हणाली, "दादा, मी स्टेजवर व्हते, मला कायबी कळलं नाय." राजरत्न तिला म्हणाला, तुझा काय दोष. मी असं म्हणाले नसते. स्टेजवरून सगळा मांडव दिसतो.

यंदा घोडेगावकडं एका ओळखीच्या घरी लग्न होतं. आम्ही पंगतीला बसलो आणि समोर चंदेरी रोबोट नाचत आला. छातीवर आदेशच्या कंपनीचं नाव. मानेला चिकटपट्टी. राजरत्न भरल्या ताटावरून उठला. त्याने बँड थांबवायला लावला, रोबोटला हाताला धरून मांडवामागं नेलं आणि पट्टी कापली. आत चाळिशीचा माणूस निघाला. नवनाथ नावाचा, दोन मुलींचा बाप. धापा टाकतच तो राजरत्नवर खेकसला, "तुमाला कोन बोलावलं व्हतं? माझं काम घालवाल तुमी!"

यजमानही धावत आले. "पावणं, तुमी जेवायला आलात का भांडायला?"

मी म्हटलं, "दोन्हीला."

नवनाथने त्या दिवशी काम पुरं केलं, पण पट्टी न लावता. पुढच्या आठवड्यात तो आमच्या दारात उभा होता, चंदेरी डोकं पिशवीत घालून. नजरेला नजर देत नव्हता. राजरत्नने पिशवी त्याच्या हातातून घेतली. त्याने डोक्यात कॉम्प्युटरचा छोटा पंखा बसवला आणि मागची कुलुपासारखी खिट्टी काढून आत एक दोरी बांधली. ओढली की डोकं झटक्यात सुटतं, जाड पंजे घातले असले तरी. मी अस्तर उसवून पातळ मलमलचं शिवलं. नवनाथ ओट्यावर बसून ती दोरी पुन्हा पुन्हा ओढून बघत होता.

"आदेशनं इचारलं तर?" तो म्हणाला.

"त्याला म्हनावं, यशोधराताईला इचार," मी म्हटलं, आणि मशीनवर पाय मारला.