वरचा एक

"आता तरी सोडंल पोरगी ते लोखंड," लसूण सोलता सोलता आत्या म्हणाली. आप्पांचा तेरावा होता. इस्लामपूरच्या घराचं स्वयंपाकघर बायकांनी भरलं होतं आणि ती पोरगी, म्हणजे मी, दारातच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मला कुणी काही विचारलं नाही, मीही बोलले नाही. अशा वेळी माझ्या वतीनं बोलायचं काम आप्पांचं. कुणी न विचारता, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात... आणि तेच आता फोटोत हार घालून गप्प बसले होते. मला त्यांचा रागच आला. अजून येतो.

आप्पा माझे थोरले काका, फौजेतून निवृत्त झालेले. मी साताऱ्यात इंग्रजी शाळेत शिकले आणि कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आले, ती मोबाईलमध्ये पॉवरलिफ्टिंगचा बारा आठवड्यांचा प्रोग्राम घेऊनच. कोणत्या दिवशी किती वजन उचलायचं, कधी विश्रांती घ्यायची, सगळं ठरलेलं. मला त्यातलं आवडलं ते हे, की कुणाशी बोलावं लागत नाही. आप्पांनी पेंडीची खोली रिकामी केली, रॅक आणि बार आणवला, आणि पहिल्याच दिवशी माझ्या मागे येऊन उभे राहिले. स्क्वॉटमध्ये बार खांद्यावर घेऊन खाली बसायचं आणि उठायचं असतं. उठता आलं नाही तर सावरायला मागे माणूस लागतो. आप्पा सावरायला कमी आणि बोलायलाच जास्त उभे असत. मी श्वास रोखून खाली गेले की सुरू व्हायचं, "उठ! उठ! म्हशीवानी बसू नगंस!" दूधवाल्यालासुद्धा दारात थांबवायचे. "बघ रं गड्या, आमची पोरगी."

पण खरा छळ होता तो वरच्या एकाचा. शून्यावर थांबलेला आकडा त्यांना अशुभ वाटायचा. लेथवाल्या मित्राकडून त्यांनी अर्ध्या अर्ध्या किलोच्या दोन चकत्या करून आणल्या होत्या आणि मी बार भरला की दोन्ही टोकांना त्या सरकवायचे.

"आप्पा, प्रोग्राममध्ये ऐंशी आहे."

"ऐंशीच हाय की. वरचा एक देवाचा. आहेर करताना शंभर देतीस का एकशे एक?"

आहेराचा आणि माझ्या गुडघ्यांचा काय संबंध, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. ते चहाला गेले की मी चकत्या काढून खिडकीत ठेवायचे. परत आले की ते काहीही न बोलता पुन्हा लावायचे. आमच्यात कित्येक आठवडे हे असंच चाललं. पुढे मीच कंटाळून काढायचं सोडलं; सराव संपून बार रिकामा केला की तेवढ्या खिडकीत ठेवायचे. मग आला हलका आठवडा. शरीराला उसंत मिळावी म्हणून त्या आठवड्यात वजन मुद्दाम कमी करायचं असतं. मी तसं दोनदा समजावून सांगितलं होतं. तरी माझ्या बारवरच्या प्लेटा कमी झालेल्या बघून आप्पांनी साताऱ्याला वडिलांना फोन लावला, "पोरगी ढिली पडलीया, कुणाची तर नजर लागली." संध्याकाळी काकीला मीठ-मोहरी घेऊन रॅकसमोर उभं केलं. माझी दृष्ट काढून झाल्यावर म्हणाले, "बारची पन काढ." काकी निमूटपणे बारवरूनही मूठ फिरवून गेली. पुढच्या आठवड्यात वजन वाढलं, ते अर्थातच मिठामुळे.

सांगलीच्या स्पर्धेत मात्र हद्द झाली. पुढचं वजन टेबलावर जाऊन सांगायचं असतं. मी हळूच "नव्वद" म्हणाले आणि आप्पा तिथं जाऊन ओरडले, "एक्क्याण्णव लिवा!" तिथल्या माणसानं शांतपणे सांगितलं, की आकडा अडीचच्या पटीतच लिहिता येतो.

"मग आमचा एक कुठं ठिवायचा?"

सगळा हॉल हसला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आप्पांनी माझ्याकडे वळूनसुद्धा न बघता साडेब्याण्णव लिहून दिलं. मी खाली गेले, अर्ध्यापर्यंत आले आणि तिथंच अडकले. बार सावरणाऱ्यांनी उचलला. परतीच्या एसटीत मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. आष्टा आल्यावर त्यांनी भडंगाची पुडी माझ्यापुढे धरली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. "अर्ध्यात लय वेळ दम धरलास," ते म्हणाले. "म्या बघितलं." पुडी मात्र इस्लामपूरपर्यंत तशीच धरून ठेवली... शेवटी मी घेतली.

त्यानंतर प्रोग्रामचा शेवटचा आठवडा तेवढा उरला होता. शेवटच्या दिवशी शंभर किलो. मी साताऱ्याला गेले असताना एका सकाळी आप्पा उसाला पाणी देऊन बांधावर बसले, ते उठलेच नाहीत. मला कधी बसू दिलं नाही त्या माणसानं... एवढा एक आठवडा थांबायला काय झालं होतं?

महिनाभर मी त्या खोलीत गेले नाही. गेल्या रविवारी आत्या पिकअप घेऊनच आली. "भंगारात घालू. खोली मोकळी हुईल, पोरगी पन मोकळी हुईल. स्थळं बघायची हायती." काकी चौकटीला टेकून उभी होती. म्हणाली, "माझं काय न्हाई. तिला इचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सवयीनं मी मागून आवाज येण्याची वाट पाहिली. आला नाही.

मी आत गेले. बारवर धूळ होती. प्लेटा एकेक करून चढवल्या, त्या सरकू नयेत म्हणून दोन्ही टोकांची कुलपं घट्ट केली. मग खिडकीकडे लक्ष गेलं. दोन्ही चकत्या तिथंच होत्या. मी त्या उचलल्या, कुलपं पुन्हा सोडवली आणि एकेक चकती दोन्ही टोकांना सरकवली. आत्या दारात येऊन उभी राहिली होती.

"आत्या, खोली मोकळी नाही," मी म्हणाले. आवाज गल्लीत गेला असावा, कारण पिकअपवाल्यानं मान वर केली. "काकी, ये, मागं उभी राहा. शंभर आहे. आणि वरचा एक."