कॅमेऱ्याऐवजी बासमती

नवी बॅग पाठीला लावली की ते डोळे मिटायचे. दुकानात गिऱ्हाइकांची ये-जा चालू असायची, दुकानदार ताटकळलेला असायचा, आणि हे मधोमध उभे. लांबून कुणी हाक मारतंय आणि ती ऐकायची आहे, असा चेहरा. मग डोळे उघडून हळूच म्हणायचे, "नाही हो शेठ. खांदा हो म्हणत नाही."

असा माणूस बरोबर घेऊन तुम्ही कधी घासाघीस केली आहे? मी केली आहे. इथे बहारीनमध्ये, मनामाच्या बाजारात, दुसऱ्याच्या दुकानात पेट्या उचलत माझी सुरुवात झाली. आज विजेच्या सामानाचं स्वतःचं दुकान आहे, ते या तोंडाच्या जोरावर. आमच्या इमारतीत कुणाला फ्रिज घ्यायचा असो की गालिचा, मला पुढे घालतात. तसे तेही एका संध्याकाळी दारात आले. वरच्या मजल्यावरचे, पुण्याचे इंजिनीयर. हातात बासमतीची पाच किलोची न फोडलेली पिशवी, तान्ह्या मुलासारखी छातीशी धरलेली.

"कॅमेऱ्यासाठी बॅग घ्यायचीय."

"आणि हा तांदूळ?"

"लेन्ससकट कॅमेऱ्याचं वजन एवढंच भरतं. त्याला कशाला उगाच दुकानोदुकानी फिरवायचं?"

कॅमेरा मी पाहिला होता. दंडाएवढी लांब लेन्स. हिवाळ्यात अमवाजच्या बाजूला उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात, त्यांच्यासाठी घेतलेला. तो एका खांद्यावर लटकवून त्यांची मान धरली होती, हाताला मुंग्या येत होत्या. डॉक्टरांनी ताकीद दिली आणि वहिनींनी मुदत. "पाठीवर नीट बसेल अशी बॅग हिवाळा संपायच्या आत आणा, नाहीतर कॅमेरा विका. रोज तेल मी लावते. मला तो कण्हण्याचा आवाज ऐकवत नाही."

बॅग ऑनलाइन मागवा म्हटलं तर म्हणाले, "घालून बघितल्याशिवाय खांद्याला कसं कळणार?"

मग आम्ही फिरू लागलो. त्यांच्या अटी साध्या होत्या, पण सगळ्या एकाच बॅगेत हव्या होत्या. लेन्स लावलेला कॅमेरा तसाच आत मावला पाहिजे, कारण पक्षी थांबत नाही. चेन पाठीकडच्या बाजूला हवी, म्हणजे बॅग खाली ठेवून उघडली तरी पाठीला लागणारी बाजू वाळूत जात नाही. कमरेला पट्टा हवा, म्हणजे ओझं मानेवरून उतरतं. आतला फोम ते अंगठ्याने दाबायचे आणि तो वर यायला किती वेळ लागतो ते बघत बसायचे. पसंत पडलीच तर तांदूळ आत ठेवून, बॅग लावून गल्लीत चालायचे. अत्तराच्या दुकानावरून, वेलचीच्या पोत्यांवरून, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी. लोक आपोआप बाजूला व्हायचे.

धंद्याच्या दृष्टीने हा माणूस म्हणजे संकट. मी बॅगेत खोट काढत असायचो आणि हे मागून म्हणायचे, "शिलाई मात्र फार सुरेख आहे हो." दुकानदार तिथेच ताठ व्हायचा. शेवटी मी बजावलं, "साहेब, पुढच्या दुकानात एक अक्षर बोलायचं नाही." पुढच्या दुकानदाराने विचारलं, "कैसा लगा साब?" हे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "इन्होंने बोलने को मना किया है."

एकदा पहाटे ते मला अमवाजला घेऊन गेले. ओहोटी होती. पाणी आणि आकाश यांच्यामधली रेघच पुसली गेली होती, आणि त्या पांढऱ्या धुक्यात गुलाबी काहीतरी हलत होतं. कॅमेरा मी गळ्यात घालून पाहिला. मान दोन मिनिटांत भरून आली, पण डोळा काढवेना. पक्षी एक पाय उचलायचा, आणि खालच्या पाण्यात दुसरा पक्षी तसाच पाय उचलायचा. समोर दिसेल त्या वस्तूचा भाव माझ्या डोक्यात आधी येतो, सवयच आहे ती. त्या सकाळी आला नाही.

"आता कळलं?" ते म्हणाले. मी कॅमेरा परत डोळ्याला लावला.

आणि मग ती बॅग मिळाली. केरळच्या एका दुकानदाराकडे, मागच्या भिंतीवर, राखी रंगाची. ते तांदूळ घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेले, परत आले, डोळे उघडले, आणि चेहरा असा की मी घाईने त्यांच्यासमोर उभा राहिलो. दुकानदाराला तो दिसता कामा नये.

"शेठ," ते कुजबुजले, "हो म्हणाला."

तीन संध्याकाळी मी त्या दुकानदाराशी भांडलो. शेवटी दोन दिनारांवर अडलं. तो म्हणाला, "लास्ट पीस है शेठ, कंपनी ने बनाना बंद किया." हे वाक्य मी स्वतः रोज गिऱ्हाइकांना ऐकवतो. माझं डोकं फिरलं. दंड धरून साहेबांना बाहेर काढलं.

"घेऊया ना शेठ. दोन दिनार देतो मी."

"प्रश्न दोन दिनारांचा नाही. कोपऱ्यावर पोचायच्या आत हाक मारतो की नाही बघा."

त्याने हाक मारली नाही. दुसऱ्या संध्याकाळी गेलो तर भिंतीवर नुसता खिळा. "खलास," दुकानदार म्हणाला. सकाळीच कुणीतरी नेली होती.

मी त्या दुकानदाराला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. बोलून झाल्यावर साहेबांकडे वळलो. आता बोलणी खायची माझी पाळी, म्हटलं. त्यांनी तांदूळ या हातावरून त्या हातावर घेतला आणि म्हणाले, "असो. चहा घेऊया."

माझी त्यांच्याविषयी तक्रार आहे ती हीच. चिडायला हवं होतं. 'तुझ्या हट्टापायी गेली' एवढं म्हणाले असते तर मीही चार शब्द ऐकवले असते आणि दोघं मोकळे झालो असतो. त्यांनी ते कधीच म्हटलं नाही. हिवाळा संपला. पक्षी गेले. कॅमेरा एका फिलिपिनो नर्सने विकत नेला. तुमची बॅग बघू द्या, एवढंच त्यांनी तिला सांगितलं. फोम अंगठ्याने दाबून पाहिला आणि मान हलवली.

पुढच्या वर्षी नोकरी आटोपून ते पुण्याला परतले. निघायच्या दिवशी वहिनींनी उरलेलं सामान शेजारी वाटलं. माझ्याकडे साहेब स्वतः आले. तीच पिशवी, कोपरे झिजलेले, अजून न फोडलेली.

"याचा भात करा शेठ. फार फिरलाय हा."

भात केलेला नाही. बायको म्हणते, किडे होतील. मी म्हणतो, होऊ देत.

या हिवाळ्यात एका दुकानात तशीच बॅग दिसली. तीच नव्हे, पण तिच्याच वळणाची. मी घरी गेलो, पिशवी आणली, आत ठेवली, बॅग पाठीला लावली आणि कमरेचा पट्टा आवळला. डोळे मिटले. वेलचीचा वास आला. ओझं मानेवरून उतरून कमरेवर बसलं, जणू कुणी मागून हात लावून तोलून धरलंय.

"लेना है?" दुकानदाराने विचारलं.

"मेरे पास कॅमेरा नहीं है."

"तो अंदर क्या है?"

"चावल."

तो बघतच राहिला. मी बॅग उतरवून त्याच्या हातात दिली, भाव विचारला नाही. तांदूळ दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि गर्दीतून, कुणाचा धक्का लागू न देता, घरी निघालो.