धुक्यातलं पोतं

ती घटना आठवली की आजही माझ्या डोळ्यांसमोर येतात ती टीव्हीपुढे बसलेल्या माणसांची तोंडं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. निपाणी भागातल्या एका ठाण्यावर मी फौजदार होतो. टीव्ही तेव्हा खेड्यांत नुकता शिरत होता. आमच्या हद्दीतल्या एका गावात तंबाखूच्या व्यापाऱ्याने संच आणला आणि वखारीच्या ओट्यावर ठेवून सगळ्या गावाला मोकळा केला. आठवड्यातून एकदा संध्याकाळी खुनाची एक हिंदी मालिका लागे. सदा धुकं, कुत्र्यांचं रडणं आणि मागे अंगावर काटा आणणारी बासरी. एका भागात नवरा बायकोला मारतो आणि पहाटेच्या धुक्यातून पोत्यात घालून नेतो, असं दाखवलं. त्या संध्याकाळी बायका एकट्या घरी जायला तयार नव्हत्या म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी हजेरी घेत होतो, तर अर्धं गाव ठाण्याच्या फाटकात. पुढे तो टीव्हीवाला व्यापारी.

"साहेब, आमच्या गावात खून झालाय."

"प्रेत कुठं आहे?"

"ते तर तुमी हुडकायचं!"

खबर अशी होती. गावातल्या एका तंबाखूवाल्या शेतकऱ्याची बायको बरेच दिवस दिसली नव्हती. 'माहेरी गेलीया' असं तो सांगत होता. आणि आदल्या दिवशी तिचा बाप लेकीला भेटायला म्हणून माहेराहून गावात आला. नवरा खोटं बोलला होता, यात शंका नव्हती. त्याला चौकशीला आणून बसवला आणि एकेकाचा जबाब घ्यायला सुरुवात केली.

पहिला साक्षीदार छातीवर हात ठेवून म्हणाला, "पाटंचं धुक्यातनं पोतं घिऊन जाताना मी सोता बघितलंय त्येला."

"तू पहाटे तिथं काय करत होतास?"

"पाला भराय गेलतो."

"कशात?"

"पोत्यात."

आता बोला! दवानं तंबाखूचा पाला नरम असतो तोवरच भरायचा, ऊन चढलं की त्याचा चुरा होतो. त्या हंगामात तिथला प्रत्येक माणूस पहाटे पोतं घेऊनच शेतात जातो. जन्मभर हेच करत आलेली माणसं एक मालिका बघून स्वतःचं पोतं विसरली होती. दुसऱ्याने कुत्री रडताना ऐकली. तिसरा म्हणाला, "साहेब, मागं बासरीगत कायतरी वाजत बी हुतं." माझ्या हवालदाराने जबाब लिहिता लिहिता हात थांबवला. "साहेब, ही बासरी लिहायची का गाळायची?"

हसू येत होतं, पण हसायची वेळ नव्हती. विहीर उपसली. पंचांसमक्ष तंबाखूचा ढीग मोकळा केला. काहीच निघालं नाही, तसं गाव जास्तच चवताळलं. "आमच्या ताब्यात द्या, बोलता करतो त्येला!" फाटकातून दगड आत येऊ लागले. बाईचा बाप पायरीवर डोकं धरून बसला होता.

नवरा एकच घोकत होता. "मी न्हाय मारली, साहेब. कुठं गेली म्हाईत न्हाय."

"मग माहेरी गेली असं का सांगितलंस?"

"बायकू पळून गेली म्हणून गावाला सांगू व्हय?"

मला तो खरं बोलतोय असं वाटलं. पण माझ्या वाटण्याला कोण विचारतो? सोडला असता तर गावाने त्याला जिवंत ठेवला नसता, आणि कोर्टात उभा केला असता तर बासरीसकट साक्षीदार तयार होते. बाई सापडल्याशिवाय त्याची सुटका नव्हती.

मालिकेचा पुढचा भाग लागला तेव्हा मी साध्या कपड्यांत त्या ओट्यावर गेलो आणि पडद्याकडे पाठ करून खांबाला टेकून बसलो. मला माणसं बघायची होती. पडद्यावर प्रेत सापडलं असावं. "आगं आई गं!" म्हणत बायकांनी पदर तोंडात धरले आणि सगळ्यांच्या माना त्या नवऱ्याच्या कुलूपबंद घराकडे वळल्या. एकच बाई वळली नाही. त्या घराच्या भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. तिच्या तोंडावर भीतीचा लवलेश नव्हता. होता तो राग. भाग संपायच्या आतच ती उठून गेली.

सकाळी मी तिच्या दारात उभा राहिलो. "आक्का, काल सगळ्या भ्याल्या, तुम्ही कशा नाही भ्यालात?"

"मेलेल्याला भ्यायचं. जित्या बाईला कशापायी भिऊ?" ती फणकारली आणि तिने पटकन तोंडावर हात ठेवला. पण शब्द सुटला होता.

"कुठं आहे ती?"

"शपथ हाय माझ्या गळ्याला. त्येला कळलं तर वडत आणून हाडं मोडंल तिची."

"आणि निरपराध माणूस फासावर गेला तर?"

"बघा की! आता निरपराध झाला व्हय त्यो?"

मी पत्ता नवऱ्याला कळणार नाही असा शब्द दिला, तेव्हा ती बोलली. रोजची मारहाण असह्य झाली म्हणून तिनेच बाईला बेळगावच्या गाडीत बसवून दिलं होतं. बाई बेळगावजवळच्या मच्छे गावात होती, तिथल्या कारखान्यात कामाला लागली होती. मी जातीने जाऊन तिला घेऊन आलो.

ठाण्यात तिला बघून बाप लहान पोरासारखा रडला. "आगं, माझ्याकडं का न्हाय आलीस?"

"दोनदा आलते की, अप्पा. तुमीच परत आणून सोडलं."

बापाची मान खाली गेली ती वर आलीच नाही. नवरा "घरला चल" म्हणत पुढे सरकला, तशी ती माझ्या हवालदाराच्या मागे गेली. तिने जबाब दिला. "जिती हाय म्हणून ल्ह्या, साहेब. कुठं ऱ्हाते ते त्येला सांगू नगा." मारहाणीची फिर्यादही त्याच बैठकीत लिहून घेतली.

बाहेर गर्दीत कुणीतरी हिरमुसून म्हणालं, "म्हंजे खून झालाच न्हाय व्हय?"

माझं टाळकंच सरकलं. मी पायरीवर जाऊन विचारलं, "तिचं रडणं तुम्हाला ऐकू येत होतं का?"

"येत हुतं की साहेब," व्यापारी म्हणाला, "रोजचंच हुतं ते."

"मग तेव्हा ठाण्याचं फाटक दिसलं नाही?"

हळूहळू फाटक मोकळं झालं.

त्या प्रकरणाने मला एक सवय लावली. पुढे कुठल्याही गावात गेलो की चोरी-मारामारीची चौकशी मागाहून करायचो. आधी विचारायचो, "इथं कुणाच्या घरात रोजचंच काय चाललंय?" उत्तर यायला फार वेळ लागायचा. बहुतेक वेळा ते एखादी शेजारीणच द्यायची.